एलएल.बी.च्या वर्षांत अभ्यासाची उमेद कशी टिकवायची

कायद्याच्या अभ्यासातून मन उडतं ते ठरावीक टप्प्यांवर. पहिल्या सत्राचा दुसरा महिना, पहिला निकाल, दिवाणी प्रक्रिया संहिता सुरू होते ते सत्र आणि शेवटच्या वर्षातला ‘पुढे काय’ हा प्रश्न. प्रत्येक ठिकाणी कारण वेगळं, म्हणून उपायही वेगळा. पुस्तक उघडावंसं वाटत नसेल तर स्वतःला आळशी ठरवण्याआधी नेमकं कुठे अडतंय ते पाहा. इंग्रजी जड जातंय का, निवाडे संपत नाहीत का, अभ्यास करूनही मार्क पडत नाहीत का, की हे सगळं कशासाठी चाललंय तेच दिसेनासं झालंय? बहुतेकांच्या बाबतीत यातली एकच गोष्ट मुळाशी असते आणि ती दुरुस्त करता येते.

गाइडआधी बेअर अॅक्ट

पहिल्या सत्रात सर्वाधिक नुकसान करतो तो गाइडवरचा भरवसा. गाइडमधलं वाक्य वाचताना समजल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी काहीच आठवत नाही. असं दोन महिने झालं की ‘आपल्याला जमत नाही’ अशी समजूत होते. खरं तर कायद्याची भाषा आपण वाचलेलीच नसते, कुणीतरी केलेला तिचा सारांश वाचलेला असतो.

म्हणून बेअर अॅक्ट, म्हणजे कुणाच्याही टिपणांशिवायचा कायद्याचा मूळ मजकूर, हाती घ्या. त्यातलं कलम वाचायची एक ठरलेली रीत आहे. आधी मुख्य वाक्य, मग अपवाद किंवा परंतुक (मुख्य नियमाला जोडलेली अट), मग स्पष्टीकरण, शेवटी उदाहरणं. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम २५ घ्या. मुख्य नियम एका ओळीत मावतो: मोबदल्याविना केलेला करार शून्य, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने निरर्थक. त्यापुढे तीन अपवाद येतात. जवळच्या नात्यात, प्रेमापोटी, लेखी आणि नोंदणी करून दिलेलं वचन हा पहिला. आपणहून केलेल्या कामाची भरपाई हा दुसरा. मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं सही केलेलं लेखी वचन हा तिसरा. नंतरची दोन स्पष्टीकरणं सांगतात की प्रत्यक्ष देऊन झालेल्या बक्षिसाला हे कलम लागू नाही, आणि मोबदला अपुरा आहे एवढ्यावरून करार शून्य होत नाही. आता उदाहरणांकडे या. हजार रुपये किमतीचा घोडा दहा रुपयांना विकायला कबूल झालेला माणूस तिथे भेटतो. संमती मोकळेपणाने दिलेली असेल तर करार टिकतो. विक्रेता म्हणाला की संमती मोकळी नव्हती, तर तेच दहा रुपये न्यायालय त्याच्या बाजूने विचारात घेऊ शकतं. एवढं स्वतः वाचलेला विद्यार्थी हे कलम सहसा विसरत नाही.

दिवसाला अशी तीन ते पाच कलमं पुरतात. पेन्सिल हातात ठेवा. ‘अँड’, ‘ऑर’, ‘अनलेस’, ‘शॅल’, ‘मे’ आणि ‘प्रोव्हायडेड दॅट’ या शब्दांना गोल करा; कलमाचा अर्थ बहुतेक वेळा यांच्यावरच फिरतो. मग पुस्तक मिटून कलम स्वतःच्या मराठीत दोन वाक्यांत लिहा. लिहिता आलं नाही तर ते समजलेलं नाही, पुन्हा वाचा. अधिनियम ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर मोफत मिळतात.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. इंग्रजी कच्चं असणं आणि कायदा न कळणं या वेगळ्या अडचणी आहेत, पण वर्गात त्या एकसारख्याच दिसतात. आधी संकल्पना मराठीत पक्की करा. मग तिचा इंग्रजी शब्द, कलम क्रमांक आणि कलमातलं एक पूर्ण वाक्य वहीत उतरवा. नुसते शब्दार्थ पाठ केले तर ते परीक्षेत वापरता येत नाहीत; वाक्यासकट लिहिलेला शब्द हाताशी येतो. विद्यापीठ मराठीतून उत्तरं लिहू देत असेल तर तो पर्याय घ्यायला लाजू नका. कायद्याच्या संज्ञा मात्र दोन्ही भाषांत पाठ असू द्या.

फौजदारी कायद्याचा गोंधळ

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. दंड संहितेत ५११ कलमं होती, न्याय संहितेत ३५८ आहेत. सीनियरकडून आलेल्या नोट्स जुन्या क्रमांकांच्या, वर्गात शिकवतात नवे, आणि निवाडे तर जवळजवळ सगळे जुन्याच क्रमांकांत. इथे बरेच जण वैतागून विषय सोडून देतात. त्यातून सुटकाही नाही, कारण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागू राहते.

यावर दोन रकान्यांचा एक कागद करा आणि भिंतीला लावा. चाळीसेक कलमं पुरे झाली. खून ३०२ वरून १०३. फसवणूक ४२० वरून ३१८(४). समान उद्देश ३४ वरून ३(५). पतीकडून किंवा सासरच्यांकडून क्रूरता ४९८अ वरून ८५. प्रक्रिया संहितेत प्रथम खबर (एफआयआर) १५४ वरून १७३. पुरावा अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुरावा ६५ब वरून ६३. सगळ्यात मोठा सापळा ४८२ या आकड्यात आहे. जुन्या प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार ५२८ मध्ये गेले आहेत. म्हणून निवाडा वाचताना आकड्याआधी कायद्याचं नाव बघायची सवय लावून घ्या.

निवाडा संपवायचा कसा

संविधानाच्या मूलभूत चौकटीबद्दलच्या केशवानंद भारती खटल्याचा निकाल २४ एप्रिल १९७३ चा. तेरा न्यायमूर्ती, अकरा स्वतंत्र निकालपत्रं, सात विरुद्ध सहा असा कौल. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी तो पहिल्या पानापासून वाचायला बसला तर संध्याकाळपर्यंत हात टेकतो. यात त्याचं काही चुकत नाही. चूक आहे ती निवाडा गोष्टीसारखा सुरुवातीपासून वाचण्यात.

निवाडा शेवटाकडून वाचा. आधी अंतिम आदेश: अपील मंजूर की नामंजूर, कोण जिंकलं. मग न्यायालयासमोरचा प्रश्न शोधा. तो बहुधा सुरुवातीच्या परिच्छेदांत किंवा तथ्यांच्या शेवटी असतो. मग तथ्यं. त्यानंतर कारणमीमांसा, आणि तीही पेन्सिल घेऊन. निकालाचं कारण ज्या परिच्छेदांत आहे तेवढेच खुणा करून ठेवा, कारण पक्षकारांचे युक्तिवाद आणि जुन्या निवाड्यांचे उतारे यांत बरीच पानं जातात. हेडनोट, म्हणजे निवाड्याच्या सुरुवातीला छापलेला सारांश, दिशा कळण्यापुरती वाचावी. ती संपादकाची असते, न्यायालयाची नव्हे, त्यामुळे तिच्यातलं वाक्य न्यायालयाचं म्हणून उत्तरात किंवा मूटमध्ये (सरावासाठीच्या अभिरूप न्यायालयात) देऊ नका.

खासगीपणाच्या हक्काचा पुट्टस्वामी निवाडा (२४ ऑगस्ट २०१७) या पद्धतीच्या सरावासाठी उत्तम आहे. नऊ न्यायमूर्ती, सहा निकालपत्रं, शेकडो पानं. शेवटचा एकत्रित आदेश मात्र अगदी छोटा आहे आणि एम. पी. शर्मा व खरक सिंग हे जुने निवाडे कोणत्या मुद्द्यांपुरते रद्द ठरले ते तिथे स्वच्छ लिहिलं आहे. तो आदेश आधी वाचला की मागची पानं कशासाठी आहेत ते कळतं.

नोंद अर्ध्या पानाची असावी. नाव, वर्ष, न्यायालय आणि पीठ किती जणांचं, तथ्यं चार-पाच ओळींत, मुद्दा प्रश्नचिन्हासकट एका वाक्यात, निर्णय, कारण, आणि शेवटी स्वतःला न पटलेली किंवा न कळलेली एक गोष्ट. ही शेवटची ओळ सोडू नका. वर्गात विचारायचा प्रश्न तिच्यातूनच निघतो, आणि प्रश्न विचारणाऱ्याला तास कंटाळवाणा वाटत नाही.

सुरुवात छोट्या निवाड्याने करा. मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष, प्रिव्ही कौन्सिल (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय), १९०३. अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या, मुलाने सावकाराकडे मालमत्ता गहाण ठेवली. सावकाराच्या वतीने व्यवहार पाहणाऱ्याला मुलाच्या अज्ञानत्वाची कल्पना होती. प्रश्न असा की अज्ञानाचा करार शून्य की शून्यकरणीय (एका पक्षाला हवं तर रद्द करता येणारा). उत्तर: शून्य. एका बैठकीत एक निवाडा पूर्ण झाला हे समाधान पहिल्या महिन्यात फार मोलाचं असतं. आठवड्याला दोन निवाडे या गतीने वर्षाअखेर साठ-सत्तर नोंदी स्वतःच्या हातच्या होतात.

सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे त्याच्याच ‘डिजिटल एससीआर’ या संकेतस्थळावर मोफत आहेत आणि काहींचा मराठी अनुवादही न्यायालयाने उपलब्ध केला आहे. एआय साधनांकडून निवाड्यांची यादी घेत असाल तर प्रत्येक नाव तिथे तपासा. ही साधनं अस्तित्वात नसलेले निवाडे अगदी खऱ्यासारखे वर्षासकट लिहून देतात.

दिवाणी प्रक्रिया संहिता: जिथे सगळे थकतात

१५८ कलमं आणि ५१ आदेश (इथे आदेश म्हणजे एका विषयावरच्या नियमांचा गट). पहिल्या कलमापासून ओळीने वाचत गेलं तर महिनाभरात कुणाचंही मन विटतं, कारण संहितेची मांडणी दावा चालतो त्या क्रमाने नाही. वाचायचं असेल तर दाव्याच्या क्रमाने वाचा.

एक काल्पनिक दावा सत्राच्या सुरुवातीलाच तयार करा. ‘अ’ने ‘ब’ला घर विकायचं साठेखत करून दिलं, इसार घेतला आणि आता खरेदीखत करून द्यायला टाळाटाळ करतोय. ‘ब’ला करारपूर्तीचा दावा लावायचा आहे. आधी प्रश्न, कोणत्या न्यायालयात? स्थावर मिळकतीसाठी कलम १६. मग वादपत्र, आदेश ७. ते फेटाळलं जाऊ शकतं का, हे त्याच आदेशाच्या नियम ११ मध्ये. समन्स, आदेश ५. प्रतिवादी आलाच नाही तर एकतर्फी, आदेश ९. आला तर कैफियत, म्हणजे त्याचं लेखी उत्तर, आदेश ८: तीस दिवस, वाढवून नव्वदपर्यंत. इथे थांबून एक बारकावा लिहून ठेवा. नेहमीच्या दाव्यात ही मुदत मार्गदर्शक समजली जाते, पण व्यावसायिक दाव्यात एकशे वीस दिवस उलटले की कैफियत देण्याचा हक्कच जातो. मधल्या काळात ‘अ’ घर तिसऱ्याला विकेल ही भीती आहे, म्हणून तात्पुरत्या मनाईचा अर्ज, आदेश ३९. आपल्याकडच्या कोर्टांत याच अर्जाला ‘निशाणी ५’ म्हणतात. पुढे मुद्दे काढणं आदेश १४, सरतपास आणि उलटतपास आदेश १८, निकाल व हुकूमनामा आदेश २०, आणि शेवटी दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी, आदेश २१. हरलेल्या पक्षाला पहिलं अपील कलम ९६, दुसरं अपील कलम १००, तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच.

या दाव्याची खरीखुरी फाइल करा. वादपत्र दोन पानांचं का होईना स्वतः लिहा, मित्राला प्रतिवादीचा वकील करून कैफियत लिहायला लावा, मग दोघांनी मिळून मुद्दे काढा. पाच-सहा आठवड्यांत फाइल जाड होत जाते आणि संहितेतली पन्नासेक महत्त्वाची कलमं व नियम आपोआप बसतात. प्राङ्न्याय (एकदा निकाली निघालेला वाद पुन्हा चालवता न येणं, कलम ११) किंवा दाव्याची स्थगिती (कलम १०) असे सुटे विषय नंतर या दाव्यातच वळणं घालून सोडवा: ‘ब’ने हाच दावा आधी दुसरीकडे लावला असता तर? ड्राफ्टिंगच्या पेपरची तयारीही यातच होते.

पहिला निकाल

पदवीला चांगले मार्क असलेल्यांना इथे सगळ्यात मोठा धक्का बसतो. माहिती सगळी होती, पानं भरली, तरी पंचेचाळीस. कारण जवळपास नेहमी एकच असतं: प्रश्न सोडवायला दिला होता आणि उत्तरात विषयाचं वर्णन लिहिलं.

समस्याप्रधान प्रश्नाला चार पायऱ्या लागतात: मुद्दा, नियम, लागू करणं, निष्कर्ष. समजा प्रश्न असा आहे की सतरा वर्षांच्या मुलाने उधारीवर मोबाइल घेतला आणि पैसे दिले नाहीत. दुकानदाराला काय करता येईल? मुद्दा: अज्ञानावर कराराच्या आधारे वसुली होऊ शकते का. नियम: करार अधिनियमाचं कलम १० आणि ११, मोहरीबीबी. बहुतेक जण इथेच थांबून ‘करार शून्य’ लिहितात आणि अर्धे मार्क घालवतात. पुढे कलम ६८ आहे: गरजेच्या वस्तू पुरवल्या असतील तर अज्ञानाच्या मालमत्तेतून भरपाई मिळते, त्याच्यावर व्यक्तिशः बोजा येत नाही. मग मोबाइल गरजेची वस्तू आहे का? मुलाची राहणी, शिक्षण, आधीचा मोबाइल आहे की नाही यावर दोन्ही बाजूंनी चार वाक्यं लिहा. मार्क तिथे आहेत. पाठांतर कमी पडतंय असं समजून आणखी पाठ करत बसू नका. आठवड्याला असे दोन प्रश्न घड्याळ लावून लिहा आणि कुणाला तरी तपासायला द्या. वेळ मार्कांच्या प्रमाणात वाटा. पहिल्या दोन उत्तरांत सगळं ओतून शेवटचं उत्तर अर्धवट सोडणं हे एटीकेटीचं फार नेहमीचं कारण आहे.

विषय राहिला तर उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मुदतीत मागवा. सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय (२०११) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क माहिती अधिकाराखाली मान्य केला आहे. ती पाहणं त्रासदायक असतं, पण कुठल्या प्रश्नात मार्क गेले हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढचा अभ्यास अंदाजानेच होतो.

कोर्टात जाऊन बसा

दुसऱ्या वर्षापर्यंत कोर्टाची पायरीही न चढलेले विद्यार्थी पुष्कळ असतात. मन उडालेल्या विद्यार्थ्याला एकच उपाय सांगायचा झाला तर आम्ही हाच सांगू.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवडे इंटर्नशिप लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. मूटच्या पेपरसाठी एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खटले पाहून डायरी लिहायची असते. ही डायरी शेवटच्या आठवड्यात मित्राच्या वहीवरून उतरवली जाते आणि अख्ख्या अभ्यासक्रमातली सगळ्यात जिवंत गोष्ट वाया जाते.

पहिल्या दिवशी निराशा होईल हे आधीच लक्षात घ्या. बराच वेळ पुकारे आणि तारखा यातच जातो. म्हणून जाण्याआधी ई-कोर्ट्स अॅपवर त्या दिवसाचा बोर्ड (खटल्यांची यादी) पाहा आणि पुराव्याच्या टप्प्यावरचा खटला निवडा. त्याचा सोळा अक्षरांचा सीएनआर, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, लिहून घ्या. पुढची तारीख घरबसल्या कळते. एकच खटला तीन-चार तारखांना पाहा. वेगवेगळे दहा पाहण्यापेक्षा त्यातून जास्त मिळतं. उलटतपास सुरू असताना प्रश्न जसाच्या तसा टिपा आणि शेजारी लिहा की वकिलाला यातून काय काढायचं होतं. मोबाइल बंद ठेवा, आणि कामकाज बंद दालनात चालणार असेल तर शांतपणे बाहेर पडा.

कॉलेजच्या कायदा साहाय्य केंद्रात महिन्यातून एक दिवस काम करा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, कोठडीतल्या व्यक्ती यांना मोफत विधी सेवेचा हक्क आहे, आणि तो बहुतेकांना माहीतही नसतो. समोर बसलेल्या बाईला पोटगीचा अर्ज कुठे करायचा हे सांगता आलं, की नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ वेगळं पाठ करावं लागत नाही. घरून पाहायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांची सुनावणी २७ सप्टेंबर २०२२ पासून थेट प्रक्षेपित होते.

रोजची घडी

मोठं वेळापत्रक आखू नका, ते चौथ्या दिवशी मोडतं. रोज पन्नास मिनिटांच्या दोन बैठका, एक बेअर अॅक्टची आणि एक निवाड्याची किंवा लेखनाची. नोकरी करणाऱ्यांनी एकच बैठक ठेवावी, पण ती चुकवू नये. हजेरीचा नियम ७० टक्क्यांचा आहे. त्यावर न्यायालयांतही वाद झाले आहेत, तेव्हा आपल्या कॉलेजची ताजी सूचना वाचून प्रत्येक विषयाची हजेरी महिन्याला मोजत जा. अभ्यासगट तिघा-चौघांचाच असावा, आणि प्रत्येकाने एक कलम पुस्तक न बघता समजावून सांगायचं एवढाच नियम. दुसऱ्यांच्या इंटर्नशिपच्या पोस्ट सत्रपरीक्षेच्या महिन्यात पाहू नयेत.

झोप उडाली आहे, जेवण जात नाही, आवडीच्या गोष्टींतही रस उरलेला नाही आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर हा अभ्यासाचा प्रश्न राहिलेला नाही. घरच्यांना सांगा, डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर उद्यावर टाकू नका, आत्ताच फोन करा.

शेवटचं वर्ष

इथे अभ्यासापेक्षा अनिश्चितता जास्त थकवते. ती कमी करायला माहिती गोळा करा. न्यायाधीश व्हायचं असेल तर मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली आहे. म्हणजे निकाल लागताच वकिली सुरू करायची आहे असं धरून चाला आणि कोणाच्या ऑफिसला बसायचं ते शेवटच्या सत्रातच ठरवा. वकिलीसाठीची अखिल भारतीय बार परीक्षा शंभर वस्तुनिष्ठ प्रश्नांची असते आणि टिपणं नसलेला बेअर अॅक्ट सोबत नेता येतो. म्हणून पहिल्या वर्षापासून ज्या प्रतीवर पेन्सिलीच्या खुणा केल्या त्याशिवाय एक कोरी प्रत वेगळी ठेवा. सनदेच्या नोंदणीसाठी पैसे किती लागतील ही धास्तीही अनेकांना असते. ३० जुलै २०२४ च्या गौरव कुमार निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की राज्य बार कौन्सिलांना वकील अधिनियम, १९६१ च्या कलम २४ मधल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही: सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५ रुपये. मुद्रांक शुल्क लागत असेल तर ते वेगळं. गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र आणि इंटर्नशिपचे दाखले यांच्या प्रती शेवटच्या परीक्षेआधीच एका फाइलमध्ये लावून ठेवा. नोंदणी लांबते ती बहुधा यातला एखादा कागद न सापडल्यामुळे.